खुरावरची सप्टेंबरची रेघ

हिस्के रिप्मा 'सुंदर' म्हणाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

वॉर्कमच्या पलीकडे, सरोवराच्या बांधाला टेकलेल्या आमच्या गावांत हा शब्द माणसाच्या कामाला लावत नाहीत. फार तर सूर्यास्ताला लावतात, तोही पाहुणे असले तर. कुणी छप्पर नीट शाकारलं, कुणी अडलेली गाय सोडवली, की म्हणायचं, "ह्याहून वाईट असतं." फ्रीसलंड ह्या आमच्या डच प्रांतात स्तुती यापुढे जात नाही. नालबंद वित्से हॉइटिंगा याने हिस्केच्या तबेल्यात तीस वर्षं घोड्यांचे पाय उचलले आणि तेवढ्या काळात त्याला हे वाक्य चार वेळा ऐकायला मिळालं. चारही वेळा पुढ्यात कोणती घोडी होती, हे तो आजही सांगतो.

जूनअखेरच्या एका मंगळवारी हिस्के औषधं-साबणाच्या दुकानात तीन बायकांसमोर म्हणाली, "त्या नव्या नालबंदानं, रायंडरनं, माझ्या नीन्केचे खूर काय सुंदर केलेत!" गल्ल्यामागे वित्सेची बायको फ्राउके उभी होती. तिने तो शब्द संध्याकाळी घरी आणला.

"सुंदर?" वित्सेने विचारलं.

"सुंदर."

"तिला ताप होता का?"

"ताप कसला! चांगली धडधाकट होती. केसांचा कलप घेऊन गेली."

वित्सेने बटाटे पुढे सरकवले आणि त्या रात्री जेवला नाही, असं फ्राउके सांगते. वित्सेच्या म्हणण्याप्रमाणे बटाटे कच्चे होते.

त्या वेळी तो एकसष्ट वर्षांचा होता. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, कमरेतून पुढे झुकलेला. रस्त्याने नुसता चालत असला तरी घोड्याचा पाय मांडीत धरल्यासारखा दिसायचा. बाप नालबंद, आजा नालबंद. बाप येले याने त्याला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला होता: आधी केस, मग पाय. आमच्या काळ्या घोड्यांच्या पायांना घोट्यापासून खाली लांब केस असतात, ते खुरावर झालरीसारखे पडतात. केस वर केल्याशिवाय खूर जिथून उगवतो तो वरचा काठ दिसत नाही, आणि खुराची सगळी बातमी आधी त्या काठाला येते. पोरवयात वित्से दोनदा हे विसरला, दोन्ही वेळा त्याच्या बोटांवर कानशीची मूठ बसली. तिसऱ्यांदा तो विसरला नाही.

हा नियम त्याने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत पाळला. मग पाठ बोलू लागली. केस वर करायचे तर प्रत्येक पायाला एकदा जास्त वाकावं लागतं. दिवसाला आठ घोडी म्हणजे बत्तीस वेळा. ते बत्तीस वेळचं वाकणं त्याने सोडून दिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढेपुढे त्याच्याही लक्षात राहिलं नाही.

त्याच्या आयुष्यात मानाची म्हणावी अशी एकच जागा होती. दर जुलैत आमच्याकडे घोड्यांच्या पैदासकारांच्या मंडळाची पाहणी भरते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं लगाम धरून घोडीबरोबर धावतात, परीक्षक मान, चाल आणि पाय बघतात, चांगल्या घोडीला 'तारा' देतात. रिंगणाच्या कडेला लिंडनच्या झाडाखाली एक ऐरण मांडलेली असते. धावताना एखाद्या घोडीचा नाल निघाला तर तिथल्या तिथे ठोकून द्यायचा, एवढंच ऐरणीमागच्या माणसाचं काम. बदल्यात दुपारचं जेवण आणि कडू मद्याची एक बाटली. पण या टापूतला नालबंद कोण, हे ती जागा सांगते. बावीस वर्षं तिथे वित्से होता. पुढच्या वर्षी कोण बसणार हे मंडळ त्याच दिवशी संध्याकाळी ठरवतं. एरवी 'तोच' म्हणून विषय मिटायचा. हिस्के मंडळावर होती. तिच्या तोंडून 'सुंदर' निघाल्यावर त्या वर्षी दुसरं नाव निघणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

नीन्के ही हिस्केच्या नवऱ्याने मरण्याआधी पैदास केलेली शेवटची घोडी. सहा वर्षांची, उंच, मान अशी की परीक्षक वही बंद करून नुसते बघत राहतील. पण खूर भिजलेल्या बिस्किटाचे. खुराची भिंत खिळा ठोकला की चिरायची, टवके पडायचे. आमची जमीन चिकणमाती, वर्षातले आठ महिने ओली. दर महिना-दीड महिन्याने नाल चिखलात राहायचा आणि नीन्के अनवाणी घरी यायची. वित्सेने वंगण लावून पाहिलं, डांबर लावलं, खिळे बारीक केले, कमी केले. बापाच्या पद्धतीप्रमाणे आंबोणात रोज एक कच्चं अंडंही घालायला लावलं. त्याने अंगाला चकाकी आणि खुराला बळ येतं, असं आमच्याकडे मानतात.

अंड्यावरून घरात वाद झाला. फ्राउके त्या दुकानात बावीस वर्षं काम करते. तिच्या गल्ल्याच्या डाव्या हाताला केस, त्वचा आणि नखं यांचं कपाट आहे. गोळ्या, शाम्पू, मलम, दाढीनंतर लावायचं पाणी. निम्म्या डब्यांवर एकच शब्द ठळक छापलेला: बायोटिन. गिऱ्हाईक नसलं की ती डब्यांतली चिठोरी वाचते. त्यामुळे या एका शब्दाबद्दल तिला गावच्या डॉक्टरपेक्षा थोडं कमी आणि बाकी सगळ्यांपेक्षा बरंच जास्त माहीत आहे. बायका विचारतात, ती सांगते.

"ब गटातलं जीवनसत्त्व आहे. खाल्लेल्या चरबीचं, साखरेचं शरीर जे काही करतं, त्यात हे मदतनीस. केस आणि नखं ज्याची बनतात ते बनवायलाही लागतं. पण तुम्ही अंडी, दाणे, कलेजी खाता ना? मग सहसा कमी पडत नाही. आणि कमी पडलंच नसेल तर गोळीनं डोक्यावर जंगल उगवत नाही. शाम्पूतलं पाण्याबरोबर वाहून जातं. वास चांगला आहे, घ्यायचा तर घ्या. आणि हो, रक्त तपासायला जाणार असाल तर गोळी घेताय ते आधी सांगा. मोठ्या मात्रेनं थायरॉईडचे आकडे भलतेच येतात."

दुकानाचा मालक एकदा म्हणाला होता, "फ्राउके, मी तुला विकायला ठेवलंय की गिऱ्हाईक परत पाठवायला?"

तर त्या अंड्यावरून ती नवऱ्याला म्हणाली, "कच्च्या अंड्याचा पांढरा भाग ह्या जीवनसत्त्वाला धरून ठेवतो, शरीराला मिळूच देत नाही. शिजवलं की सोडतो."

"मग घोडीला उकडून घालू? वर मीठ-मिरी?"

"घाल. तुझ्यापेक्षा ती कमी कुरकुर करेल."

वित्सेने जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. डॉक्टर म्हणाला, सहाशे किलोच्या जनावराला एका अंड्याने तोटा नाही आणि फायदाही नाही. यातलं पहिलं अर्धं वित्सेने फ्राउकेला आठवडाभर ऐकवलं. त्यापुरता तो बरोबर होता.

"घोड्यांनाही देतात म्हणे ते," फ्राउकेने शेवटी एकदा म्हटलं. "चारावाल्याकडे बादलीत मिळतं. खूर म्हणजे तरी काय, नखच की."

"ती पावडर बायकांच्या केसांना," वित्से म्हणाला. "खूर हातानं होतो."

हे बोलणं त्या जूनच्या आदल्या ऑगस्टमधलं. त्यानंतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो नीन्केचे पाय करून आला. पुन्हा गेला तो नाताळच्या आधल्या आठवड्यात. काम संपवून हात धुवायला चाऱ्याच्या खोलीत शिरला तर कोपऱ्यात पांढरी बादली, तिच्यावर खुराचं चित्र.

"हे काय?" त्याने विचारलं.

"वाचता येतं ना तुला," हिस्के म्हणाली.

"कुणी सांगितलं घालायला?"

"सांगितलं कुणीतरी. सप्टेंबरच्या मध्यापासून घालतेय."

"आणि मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो, पावडरीवर एवढा भरवसा आहे तर नालही पावडरीकडूनच ठोकून घे."

"बरं," हिस्के म्हणाली.

वित्सेला वाटलं हे भांडण झालं. हिस्केला वाटलं याने काम सोडलं. आमच्याकडे माणूस बोलला ते बोलला. मागाहून जाऊन 'तुला तसं म्हणायचं नव्हतं ना' असं कुणी विचारत नाही. वित्से फोनची वाट बघत बसला, हिस्के नवा नालबंद शोधत बसली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या अंगणात शेजारच्या ग्रोनिंगन प्रांतातली करडी गाडी उभी राहिली.

गाडी रायंडर मेडेमाची होती. वय अडतीस, उंच, कमी बोलणारा. भट्टी गॅसवरची. घोड्याचा पाय टेकवायला तिवई, म्हणजे मांडीला काम नाही. प्रत्येक खुराचा आधी एक फोटो, नंतर एक फोटो. पुढ्यात बांधायच्या चामड्यावर जळल्याचा एक डाग नाही. हे सगळं वित्सेला माहीत होतं, कारण त्या महिन्यापासून तो पाव आणायला हिस्केच्या घरावरून जाऊ लागला. पाववाला उलट्या दिशेला राहतो.

हेवा माणसाला कामाला लावतो. वित्सेने रायंडरची गाडी कोणत्या वारी कुणाच्या दारात असते ते पाठ केलं. वसंतापर्यंत त्याचे स्वतःचे तीन तबेले त्या यादीत गेले. पाऊस पडून गेला की तो हिस्केच्या कुरणाच्या कडेने चालत जायचा, खाली बघत. चिखलात रुतलेला रायंडरचा एक नाल त्याला हवा होता. एक सापडला असता तरी त्याने तो खिशात घालून गावभर दाखवला असता. एप्रिलमध्ये सापडला. वित्से कालव्याकाठी बसला, गवताने नाल पुसला, पाण्यात धुतला. टाचेजवळ ठशाने उमटवलेलं अक्षर दिसलं. ते त्याचंच होतं. नाल आदल्या वर्षीचा. त्याने तो कालव्यात फेकला. ही गोष्ट त्याने मला बऱ्याच दिवसांनी सांगितली, तीही नाल किती लांब गेला हे सांगण्याच्या निमित्ताने.

जूनपासून नीन्केचा नाल पडेनासा झाला. आणि मग तो शब्द आला.

फ्राउकेच्या म्हणण्याप्रमाणे 'सुंदर' ऐकल्यावर तीन दिवस तो जुन्या कानशी घासत बसला. चौथ्या दिवशी टेबलावर बोट आपटून म्हणाला, "त्याचं काही नाही त्यात."

"कशात?"

"खुरात. खूर रोजनिशी लिहितो."

हे खरं आहे. खूर वरच्या काठापासून खाली वाढतो, महिन्याला साधारण आठ मिलिमीटर. जुन्या भागाला काही शिकवता येत नाही. खाणं बदललं तर त्या दिवसापासून जे नवं उगवतं ते वेगळं येतं, आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर एक रेघ उमटते. ती वाढीबरोबर खाली सरकत जाते. म्हणून या पावडरीचा गुण दिसायला नऊ-दहा महिने लागतात. रेघ खिळ्यांच्या खाली उतरेपर्यंत खिळे जुन्याच भिंतीत बसतात. आणि म्हणून रेघ वरून किती खाली आहे हे मोजलं की बदल कधी सुरू झाला ते कळतं. रायंडर आला फेब्रुवारीत. बादली उघडली सप्टेंबरात. रेघ सप्टेंबरची निघाली तर घोडीचा पाय सुधारला तो बादलीने, रायंडरच्या हाताने नव्हे. मंडळासमोर हे दाखवायचं, आणि मग ऐरणीचं काय ते ठरवू दे त्यांना.

"पण मग पावडरीनं झालं असंच म्हणायचं ना तुला?" फ्राउकेने विचारलं.

"हो."

"बायकांच्या केसांच्या."

"विषय तो नाही," वित्से म्हणाला.

अडचण एकच. रेघ बघायला पाय हातात यायला हवा, आणि दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या घोडीला नालबंद हात लावत नाही. तिचा नाल ऐन पाहणीत निघाला तरच ती ऐरणीकडे येणार. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी वित्से घडीची मोजपट्टी खिशात घालून झाडाखाली बसला. त्याने देवाजवळ काही मागितलं का ते सांगता येत नाही. तो चर्चला जात नाही.

सकाळभर काही घडलं नाही. दोन शिंगरांचे पाय बघून दिले, एका घोडीचा सैल खिळा आवळला. रिंगणापलीकडे कॉफीच्या तंबूशी रायंडर उभा होता आणि लोक येऊन त्याच्याशी बोलत होते. वित्सेने सात मोजले.

दुपारी नीन्के आत येण्याआधी मागच्या मोकळ्या जागेत धावून अंग मोकळं करत होती. बाजूला कुणाची तरी छत्री उघडली, घोडी बिचकली, मागच्या पायाने पुढच्या पायाचा नाल तुडवला आणि पुढे झेपावली. नाल गवतात पडला. हिस्केने स्वतः घोडी ऐरणीपाशी आणली. तिच्यामागे रायंडर आला, हातात नाल घेऊन, आणि त्यांच्यामागे ज्यांना काही काम नव्हतं ते सगळे.

"दहा मिनिटं आहेत," हिस्के म्हणाली.

"पुरतात," वित्से म्हणाला.

त्याने आधी पाय उचलला. नाल तुडवून निघाला होता, तरी भिंतीला चीर नव्हती. खिळ्यांची सहा भोकं सुईने पाडल्यासारखी स्वच्छ होती. गेल्या वर्षी याच खुराचा एवढ्याने भुगा झाला असता. त्याने कानशीचा एक हात फिरवला. कानस गुळगुळीत निघाली, भुसा पडला तो बारीक आणि कोरडा. नालबंदाला हातातूनच कळतं. त्याला कळलं, आणि ते आवडलं नाही.

मग पाय खाली ठेवून तो गुडघ्यावर बसला, धुऊन विंचरलेले केस दोन्ही हातांनी वर केले आणि मोजपट्टी लावली. रेघ तिथे होती. वर सगळं काळंभोर, घट्ट. खाली, जमिनीलगत दीड सेंटिमीटर जुनं, भुरभुरीत.

"आठ सेंटिमीटर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "महिन्याला आठ मिलिमीटर. दहा महिने. तू कधी आलास, मेडेमा?"

"फेब्रुवारीत," रायंडर म्हणाला.

"ही रेघ सप्टेंबरची आहे."

"हो."

"हो म्हणजे?"

"माहीत आहे मला. मी पहिल्यांदा केस वर केले तेव्हा दोन बोटं खाली होती. मी हिस्केबाईंना तेव्हाच सांगितलं, उस्ताद, की चांगला खूर वरून उतरतोय, मी फक्त तो खाली येईपर्यंत सांभाळतोय."

"सांगितलं होतं त्यानं," हिस्के म्हणाली. "मला वाटलं, ग्रोनिंगनची माणसं असंच बोलतात."

वित्से मोजपट्टी हातात धरून तसाच बसला होता. त्याने जे सिद्ध करायचं ते झालं होतं. पण समोरच्याने भांडण केलंच नाही तर जिंकल्यासारखं वाटत नाही. तेवढ्यात हिस्केने, चारा मोजावा तितक्या शांतपणे, विचारलं, "सप्टेंबरची ना? मग नोव्हेंबरात ती कुठं होती?"

"वर. केसांखाली. बोटाच्या रुंदीइतकी."

"आणि नाताळच्या आधी?"

"अडीच सेंटिमीटरवर असेल."

"तेव्हा हा पाय कोणाच्या मांडीत होता, वित्से?"

जमलेल्यांपैकी कुणीतरी खोकलं. रायंडर झाडाकडे बघू लागला. तेवढी सभ्यता त्याच्यात होती. दोनदा तो पाय वित्सेच्या हातात आला होता, दोन्ही वेळा बातमी तिथे लिहिलेली होती, आणि दोन्ही वेळा त्याने केस वर केले नव्हते. बादली बघून तो ओरडला त्या दिवशी वाकून बघितलं असतं तर आज हे खूर त्याचे असते. मोजपट्टीवर सगळं स्वच्छ दिसत होतं आणि मोजपट्टी त्यानेच आणली होती.

"तुला पावडरीचं सांगितलं कुणी?" त्याने हळू विचारलं.

"तुझ्या फ्राउकेनं," हिस्के म्हणाली. "माझ्या नखांसाठी गोळ्या घ्यायला गेले होते. म्हणाली, तुझ्या नखांना काही झालेलं नाही, भांडी घासताना हातमोजे घाल. पावडर घोडीला घाल. आणि आमच्या घरी कळू देऊ नकोस."

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं वित्से नंतर म्हणाला.

"सहा मिनिटं राहिली," हिस्के म्हणाली.

वित्सेने रायंडरच्या हातातून नाल घेतला. तो वाकला होता. ऐरणीवर चार ठोके घालून सरळ केला, खुराला लावून पाहिला. नाल चांगला घडवलेला होता. त्याने त्यात दोष शोधला, सापडला नाही. सहा खिळे ठोकले, टोकं वळवली, कानशीने साफ केली. खिळा आत जाताना जो आवाज होतो तो टणक भिंतीत वेगळा येतो, तळाकडून वर चढत गेल्यासारखा. तो आवाज या घोडीच्या पायातून ऐकण्यासाठी तो तीन वर्षं झटला होता. आज ऐकायला मिळाला, तो दुसऱ्याच्या नालावर.

पाय खाली सोडला आणि तो हिस्केला म्हणाला, "पुढच्या वर्षी इथं ह्याला बसवा."

"मंडळ ठरवेल ते."

"मंडळात लिहून घ्या. पण कारण नीट लिहा. खूर त्यानं चांगले केले म्हणून नाही. खूर त्यानं केलेले नाहीत. तो आधी केस वर करतो, म्हणून."

नीन्केला तारा मिळाला. परीक्षकाने मान आणि चाल यांबद्दल बरंच सांगितलं आणि पायांबद्दल 'नीट' एवढंच.

फ्राउके कॉफीच्या तंबूत बाकावर बसली होती. तिच्यापर्यंत सगळं आधीच पोहोचलं होतं. वित्से समोर बसला. तिने त्याच्यापुढे कॉफी आणि केकचा एक तुकडा ठेवला.

"दहा महिने," तो म्हणाला.

"हो."

"रोज एका टेबलावर जेवत होतो आपण."

"तू अंड्याचं सांगत होतास. मधे बोलायला जागा नव्हती."

"फेब्रुवारीत तरी सांगायचंस."

"आणि सप्टेंबरात सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

वित्सेने केक खाल्ला. तो प्रामाणिक माणूस आहे, पण त्याला वेळ लागतो. "हिस्केला सांगून बंद करायला लावलं असतं," तो म्हणाला.

"मग घोडीचे पाय?"

"तसेच राहिले असते."

"झालं तर."

त्या उन्हाळ्यात रायंडरचा हेवा करणं अवघड होऊन बसलं, कारण त्याने काही लाटलंच नव्हतं. हेवा मात्र गेला नाही. तो घरात आला. ऑगस्टपासून घोडेवाले लोक खुरांची विचारपूस करायला औषधं-साबणाच्या दुकानात येऊ लागले. फ्राउके त्यांना सांगायची, रोज इतके मिलिग्रॅम, नऊ महिने धीर धरा, चाऱ्यात जस्त कमी आहे का तेही बघून घ्या, आणि नालबंदाला दाखवा. "कोणत्या?" असं एकाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जो वाकतो त्याला." वित्सेला हे दुसऱ्याच दिवशी कळलं. संध्याकाळी तो तिला म्हणाला, "माझ्या धंद्याचं माणसं तुला विचारतात." ती म्हणाली, "तुझ्या टकलाचं विचारतात, तेही मीच सांगते." गेलेल्या तीन तबेल्यांपैकी एक हिवाळ्यात परत आला. तिथे तो प्रत्येक पायाला दोनदा वाकतो. दिवसाला आठऐवजी पाच घोडी करतो आणि पाठीला पट्टा बांधतो.

यंदाच्या जुलैत ऐरणीमागे रायंडर बसला. तिवई, गॅसची भट्टी, डाग नसलेलं चामडं. वित्से कुंपणाला टेकून उभा होता, शेजारी फ्राउके. सकाळपासून तीन वाजेपर्यंत एकाही घोडीचा नाल निघाला नाही. फ्राउकेने दोनदा घरी चलायचं विचारलं, तो दोनदा थांब म्हणाला. साडेतीनला बांधाकडच्या एका शेतकऱ्याची घोडी लंगडत आली. रायंडर उठला, खाली बसला, दोन्ही हातांनी केस वर केले, बघितलं आणि मग पाय उचलला. वित्से कुंपणावरून अर्धा पुढे वाकला होता. खिळ्यांचे आवाज त्याने ओठ हलवत मोजले.

घोडी सरळ चालत रिंगणात गेली.

"मग?" फ्राउकेने विचारलं.

"सहा खिळे घातले. पाचात भागलं असतं."

"म्हणजे चांगलं केलं."

"तसं मी म्हटलं नाही," वित्से म्हणाला, आणि सायकल काढायला गेला.